मालट्रक चालक (भारत)

मालट्रक चालक म्हणजे मालवाहू मोटार वाहन चालवून उपजीविका करणारी व्यक्ती. शेतमाल, इंधन, औषधे, पोलाद, सिमेंट, यंत्रसामग्री आणि घरगुती वापराच्या वस्तू उत्पादनस्थळापासून बाजारपेठेपर्यंत पोहोचवण्याचे काम भारतात प्रामुख्याने रस्तेवाहतुकीमार्फत होते. या वाहतुकीचा मुख्य आधार मालट्रक चालक हा आहे. दीर्घकाळ हा व्यवसाय औपचारिक शिक्षणाशिवाय, अनुभवी चालकाच्या हाताखाली क्लीनर म्हणून काम करून शिकला जात असे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी या व्यवसायासाठी वय, वैद्यकीय पात्रता, प्रशिक्षण आणि चाचणी यांविषयी निश्चित अटी घातल्या आहेत. २०२१ पासून अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांची स्वतंत्र व्यवस्थाही अस्तित्वात आली आहे. प्रस्तुत लेखात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, मालट्रक चालकाचे प्रशिक्षण, अनुज्ञप्ती, सेवाशर्ती आणि व्यवसायसंधी यांची माहिती दिली आहे.

इतिहास

भारतात मोटार वाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. स्वातंत्र्यानंतर देशातच मालट्रकांचे उत्पादन वाढू लागले. १९५४ मध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स) या कंपनीने जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू केली, तर १९५५ मध्ये अशोक मोटर्स या कंपनीचे अशोक लेलँड असे नामांतर झाले. या दोन्ही कंपन्यांचे ट्रक पुढील अनेक दशके भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने दिसत राहिले.

त्या काळातील वाहनांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. गिअर बदलताना दुहेरी क्लच दाबावा लागे आणि चालकाची केबिन इंजिनाच्या उष्णतेने तापत असे. त्यामुळे ट्रक चालवण्यासाठी शारीरिक बळाची मोठी गरज भासे. व्यवसायाचे शिक्षण गुरुशिष्य परंपरेने होई. मुलगा प्रथम क्लीनर म्हणून गाडीवर राही. काचा पुसणे, टायर बदलणे, ताडपत्री व रस्सा बांधणे, चढावर चाकामागे दगड लावणे, मागे घेताना हाका देणे ही कामे तो करी. मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती थोडा वेळ स्टिअरिंग देई आणि अशा रीतीने काही वर्षांत त्याचा गाडीवर हात बसे. या पद्धतीने वाहनाची सखोल ओळख होत असली, तरी वाहतुकीचे नियम, मालाची सुरक्षित मांडणी आणि स्वतःच्या हक्कांचे ज्ञान मात्र चालकास क्वचितच मिळे.

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. २०१९ मध्ये त्यात व्यापक दुरुस्ती करण्यात आली.

वाहनांचे प्रकार

व्यवहारात मालवाहू वाहने त्यांच्या चाकांच्या संख्येवरून किंवा उपयोगावरून ओळखली जातात.

- हलकी मालवाहू वाहने: पिकअप, टेम्पो आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी लहान वाहने. शहरांतर्गत वाहतूक व भाजीपाला यांसाठी वापर.
- सहा चाकी ट्रक: दोन आसांचे, मध्यम अंतरासाठी सर्वत्र वापरले जाणारे वाहन.
- बहुआसी ट्रक: दहा, बारा, चौदा किंवा त्याहून अधिक चाकांचे ट्रक. महाराष्ट्रात यांना मॉडेलच्या नावावरून सरसकट ‘टॉरस’ असेही म्हटले जाते.
- ट्रेलर व कंटेनर: पुढील ओढणारे वाहन व मागील जोडवाहन असे दोन भाग असलेली वाहने. बंदरांतील कंटेनर, पोलादाच्या गुंडाळ्या आणि अवजड यंत्रे यांसाठी वापर.
- टँकर: पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा वायू, रसायने, दूध इत्यादींची वाहतूक.
- टिपर किंवा डंपर: वाळू, खडी, कोळसा व खनिजे यांची वाहतूक.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने वाहनांचा अनुज्ञेय आसभार वाढवला. त्यानुसार जोडवाहनाच्या एकूण भारित वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन झाली. वाहन जितके जड, तितके ते थांबवण्यास लागणारे अंतर आणि चालकावरील जबाबदारी अधिक असते.

अनुज्ञप्ती

मालवाहू वाहन हे कायद्याच्या भाषेत ‘परिवहन वाहन’ ठरते. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी मध्यम व अवजड मालवाहू वाहनांसाठी वेगवेगळे संवर्ग होते. त्या दुरुस्तीने त्यांचा समावेश ‘परिवहन वाहन’ या एकाच संवर्गात करण्यात आला. अनुज्ञप्ती मिळवण्याचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या मोटार वाहनाची शिकाऊ व त्यानंतर पक्की अनुज्ञप्ती मिळवणे.
२. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष धारण केल्यानंतर आणि वयाची २० वर्षे पूर्ण झाल्यावर परिवहन वाहनाच्या शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी अर्ज करणे. अर्जासोबत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते.
३. परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण घेऊन नमुना ५ मधील प्रमाणपत्र मिळवणे.
४. शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर व तिची सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी मोटार वाहन निरीक्षकापुढे चाचणी देणे.

अर्जाची प्रक्रिया केंद्र सरकारच्या ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीद्वारे होते. परिवहन संवर्गाची अनुज्ञप्ती पूर्वी तीन वर्षांसाठी वैध असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत पाच वर्षे झाली. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ उलटल्यास नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्यामुळे दीर्घ आजारपणानंतर किंवा काही वर्षे अन्य काम केल्यानंतर या व्यवसायात परतणाऱ्या चालकांनी ही तारीख लक्षात ठेवणे आवश्यक असते.

शैक्षणिक पात्रता

परिवहन वाहनाच्या चालकासाठी पूर्वी किमान आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट रद्द केली. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या पण वाहन चालवण्यात कुशल असलेल्या तरुणांना रोजगार मिळावा, हा त्यामागील हेतू होता. त्याच वेळी प्रशिक्षणाच्या दर्जावर भर देण्याची भूमिका सरकारने मांडली. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी मात्र लेखनवाचनाची अट कायम आहे.

हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती व ७,५०० किलोग्रॅमची मर्यादा

हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असणाऱ्या व्यक्तीस लहान मालवाहू वाहन चालवता येते काय, हा प्रश्न अनेक वर्षे विमा दाव्यांच्या संदर्भात वादग्रस्त होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात, एकूण भारित वजन ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेले परिवहन वाहन अशा अनुज्ञप्तीवर चालवता येते असा निर्णय दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही भूमिका कायम केली. पिकअप व लहान टेम्पो चालवणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. अपघातानंतर केवळ अनुज्ञप्तीवर वेगळी नोंद नाही म्हणून विमा कंपनीने दायित्व नाकारण्याचे एक कारण त्यामुळे दूर झाले.

प्रशिक्षण

मोटार ड्रायव्हिंग स्कूल

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परिवहन वाहनांचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे लागते व त्यात प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे किमान १५ तास असावे लागतात. वाहतुकीची चिन्हे व नियम, वाहनाची यंत्ररचना, किरकोळ दुरुस्ती, आगीचे धोके, प्रथमोपचार आणि रस्त्यावरील इतरांशी वर्तणूक हे विषय अभ्यासक्रमात असतात. मात्र अनेक लहान शहरांत अवजड वाहन, पुरेशी जागा व अनुभवी प्रशिक्षक यांची उणीव असल्याने बहुसंख्य शाळा हलक्या वाहनांपुरत्याच मर्यादित राहतात.

अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रे

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांविषयीचे नियम अधिसूचित केले. ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. या नियमांची मुख्य वैशिष्ट्ये अशी:

- मध्यम व अवजड वाहनांच्या प्रशिक्षणासाठी केंद्राकडे किमान दोन एकर जागा असावी लागते. हलक्या वाहनांसाठी ही मर्यादा एक एकर आहे.
- केंद्रात सिम्युलेटर व चाचणी मार्ग असणे आवश्यक आहे.
- मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत पूर्ण होणारा, ३८ तासांचा असतो. त्यात सैद्धान्तिक व प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात.
- प्रशिक्षक किमान बारावी उत्तीर्ण व वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला असावा लागतो.
- केंद्राची चाचणी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास प्रादेशिक परिवहन कार्यालयात पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही.

अन्य संस्था

केंद्र सरकारच्या साहाय्याने विविध राज्यांत चालक प्रशिक्षण व संशोधन संस्था स्थापन करण्यात आल्या आहेत. पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्था ही १९६७ मध्ये स्थापन झालेली संस्था रस्तेवाहतूक क्षेत्रातील प्रशिक्षण व संशोधनाचे काम करते. ट्रक उत्पादक कंपन्याही चालक प्रशिक्षणात सहभागी आहेत. तमिळनाडूतील नामक्कल या ट्रकव्यवसायाच्या केंद्रात अशोक लेलँडची चालक प्रशिक्षण संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत वाहनचालन व यांत्रिकी यांचा एकत्रित अभ्यासक्रम, तसेच डिझेल मेकॅनिक हा अभ्यासक्रम आहे. वाहन उद्योगाच्या कौशल्य विकास परिषदेने व्यावसायिक वाहनचालकासाठी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार मानके ठरवली असून अनुभवी चालकांना पूर्वज्ञानाच्या आधारे प्रमाणपत्र मिळण्याची सोयही त्या व्यवस्थेत आहे.

प्रशिक्षणातील प्रमुख कौशल्ये

प्रवासपूर्व तपासणी: इंजिनाचे तेल व पाण्याची पातळी, टायरमधील हवा व झीज, ब्रेकच्या टाक्यांतील हवेचा दाब, दिवे, आरसे, गळती आणि मालाची बांधणी यांची गाडीभोवती फिरून पाहणी करणे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर निष्कासवायू शुद्ध करणाऱ्या युरिया द्रावणाची टाकी तपासणे हाही या तपासणीचा भाग झाला आहे.

हवेच्या ब्रेकचा वापर: अवजड वाहनांत ब्रेक संपीडित हवेवर चालतात. पायपट्टी दाबल्यापासून प्रत्यक्ष ब्रेक लागेपर्यंत अल्पसा विलंब होतो. वारंवार ब्रेक दाबल्यास हवेचा दाब घटतो व ब्रेकची लायनिंग तापते. त्यामुळे पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखणे ही या प्रशिक्षणातील मूलभूत शिकवण मानली जाते.

घाटातील वाहनचालन: बोरघाट, कसारा घाट, आंबा घाट यांसारख्या घाटांत उताराला खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने वेग आवरणे आवश्यक असते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवण्याची सवय अत्यंत घातक ठरते. अशा वेळी सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होतात आणि नंतर वेगात असलेल्या गाडीस गिअर पडत नाही.

अंध क्षेत्रे व वळणे: चालकाच्या केबिनच्या अगदी पुढे, डाव्या बाजूस आणि गाडीच्या मागे न दिसणारा भाग मोठा असतो. दुचाकीस्वार व पादचारी यांचे अनेक अपघात या भागात होतात. ट्रेलर वळवताना मागील चाके आतील बाजूस ओढली जातात, हेही नवशिक्या चालकाने ध्यानात घ्यावे लागते.

मालाची मांडणी: भार दोन्ही बाजूंस व आसांवर समप्रमाणात विभागणे, उंच माल बांधणे आणि ताडपत्री सैल न ठेवणे. टँकर अर्धवट भरलेला असल्यास आतील द्रव हेलकावतो व वळणावर वाहन कलंडण्याचा धोका वाढतो.

धोकादायक मालाची वाहतूक

ज्वलनशील, विषारी किंवा स्फोटक माल वाहणाऱ्या चालकासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९ नुसार अतिरिक्त पात्रता ठरवण्यात आली आहे. त्यास संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता येणे आवश्यक असते आणि तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. बचावात्मक वाहनचालन, प्रगत चालनकौशल्ये आणि वाहून नेल्या जाणाऱ्या पदार्थाविषयीची सुरक्षितता असे या प्रशिक्षणाचे तीन भाग आहेत. अशा अनुज्ञप्तीची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी एक वर्ष होती व ती आता तीन वर्षे आहे. नूतनीकरणापूर्वी उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते.

वाहनावर धोक्याच्या प्रकाराचे चिन्ह व आणीबाणी माहिती फलक लावलेला असतो. अपघात झाल्यास पाणी मारावे की मारू नये, लोकांना किती दूर न्यावे, कोणाला कळवावे ही माहिती सांगणारे कार्ड चालकाजवळ असते. माल पाठवणाऱ्याने ही माहिती चालकास समजेल अशा भाषेत देणे अपेक्षित आहे. टँकर उलटल्यानंतर सांडलेले इंधन गोळा करण्यासाठी जमणाऱ्या गर्दीला रोखणे हे चालकाच्या दृष्टीने अतिशय कठीण पण जीवरक्षक काम असते.

कामाचे स्वरूप व सेवाशर्ती

कामाचे तास

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगाराचे काम दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक असू नये, अशी तरतूद होती. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत ही मर्यादा दिवसाला १० व आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस सुटी यांचीही तरतूद होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हा अधिनियम लागू करण्यात आला होता. पुढे व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये या विषयावरील तरतुदींचा समावेश करण्यात आला.

भारतातील बहुतेक ट्रक एक ते पाच वाहने असणाऱ्या लहान मालकांकडे असल्यामुळे या तरतुदींचा प्रत्यक्ष लाभ अनेक चालकांना मिळत नाही. राष्ट्रीय परवान्याच्या वाहनात दोन चालक असण्याची पूर्वीची अट २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. दुसऱ्या चालकाचा व क्लीनरचा खर्च वाचवण्याकडे मालकांचा कल असल्याने आज अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांवर एकटाच चालक असतो. रात्री जागे राहण्यासाठी सोबत बोलणारेही कोणी नसते. थकवा व झोप ही अपघातांची महत्त्वाची कारणे असल्याने हा प्रश्न केवळ चालकाचा न राहता रस्त्यावरील सर्वांच्या सुरक्षिततेचा ठरतो. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला.

तुलनेसाठी, युरोपीय संघात साधारणतः दिवसाला नऊ तास वाहन चालवण्याची मर्यादा असून साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. वाहनातील टॅकोग्राफ हे यंत्र त्याची नोंद ठेवते. तेथील व्यावसायिक चालकास दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी प्रशिक्षणही घ्यावे लागते. अमेरिकेत मालट्रक चालकास विश्रांतीनंतर कमाल ११ तास वाहन चालवता येते.

वेतन

वेतनाच्या अनेक पद्धती रूढ आहेत. काही ठिकाणी मासिक पगार व प्रत्येक फेरीचा भत्ता दिला जातो, काही ठिकाणी किलोमीटरप्रमाणे, तर काही ठिकाणी भाड्याच्या टक्केवारीने मोबदला ठरतो. ‘खेपेवर’ काम करणाऱ्या चालकास डिझेल, टोल, जेवण व किरकोळ दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम आगाऊ दिली जाते व त्यातून उरेल ती त्याची कमाई असते. या पद्धतीत माल भरण्यास किंवा उतरवण्यास लागणाऱ्या विलंबाचा भुर्दंड चालकावरच पडतो. माल उतरवताना ट्रकचालकाकडून घेतली जाणारी हमाली व ‘वाराई’ हा महाराष्ट्रातील बाजारपेठांत वाहतूकदारांच्या तक्रारीचा जुना विषय आहे. सार्वजनिक मोटार वाहतूक हा उद्योग किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत समाविष्ट होता.

कामावर रुजू होताना वेतनाचा प्रकार, भत्ता, दंड कोणी भरावयाचा व सुटी याविषयी लेखी नोंद असल्यास पुढील वाद टळतात. विशेषतः क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड होऊ शकतो. माल भरण्याचा निर्णय बहुधा मालक किंवा व्यापारी घेतात, परंतु वाटेत तपासणीस तोंड चालकासच द्यावे लागते.

कागदपत्रे

चालकाजवळ अनुज्ञप्ती, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र, परवाना, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, बिल्टी व ई-वे बिल असावे लागते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात नाके व राज्यांच्या सीमांवरील करतपासणी नाके बंद झाले व चालकांचा रांगांतील वेळ वाचू लागला. १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सुरू झाले. जानेवारी २०२१ पासून या बिलाची मुदत सामान्य मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. गाडी बिघडल्यास किंवा रस्ता बंद असल्यास ही मुदत वाढवून घेण्यासाठी चालकाने मालकाशी तत्काळ संपर्क साधणे आवश्यक असते. फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सर्व वाहनांना सक्तीचा झाला.

आरोग्य व सुविधा

दीर्घकाळ बसून काम, अवेळी जेवण व अपुरी झोप यांमुळे पाठदुखी, मधुमेह, उच्च रक्तदाब व पचनाचे विकार चालकांमध्ये आढळतात. दृष्टिदोष असूनही चष्मा न वापरणे हा रात्रीच्या वाहतुकीतील मोठा धोका आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठी विशेष उपक्रम राबवण्यात आले आहेत. मद्यपानाविषयी कायदा कठोर असून १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या नव्या मालट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२३ मध्ये अधिसूचित केला व तो २०२५ मध्ये अंमलात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी १,००० विश्रांतिगृहे उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. पेट्रोल कंपन्यांच्या काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने निवास, स्नानगृह व भोजनाची सोय आहे.

अपघात व चालकाचे दायित्व

अपघात झाल्यास जखमी व्यक्तीस वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे मदत करणे शक्य नसल्यास त्याचा अपवाद त्याच कलमात मान्य केला आहे. अशा वेळी सुरक्षित स्थळी जाऊन जवळच्या पोलीस ठाण्यास कळवणे हाच चालकास संरक्षण देणारा मार्ग ठरतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होऊन पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करण्यात आली. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर ट्रकचालकांनी काम बंद ठेवले. महाराष्ट्रात मनमाडजवळील पानेवाडी येथील इंधन टँकरचालक त्यात सहभागी झाले आणि अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. वाहतूकदारांच्या अखिल भारतीय संघटनेशी चर्चा करून निर्णय घेण्याचे आश्वासन सरकारने दिल्यावर आंदोलन मागे घेण्यात आले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना हे पोटकलम वगळून ठेवण्यात आले.

कामावर असताना चालकाचा मृत्यू झाल्यास किंवा त्यास अपंगत्व आल्यास कायद्यात भरपाईची तरतूद आहे आणि वाहनाच्या सक्तीच्या विम्यात पगारी चालकाविषयीच्या या दायित्वाचा समावेश असतो. कुटुंबीयांना नोकरी सिद्ध करावी लागत असल्याने वेतनाच्या पावत्या किंवा बँकेतील नोंदी जपून ठेवणे महत्त्वाचे असते.

व्यवसायसंधी

महाराष्ट्रात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, भिवंडीतील गोदामे, कळंबोलीचा पोलाद बाजार, वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती, चाकणचा वाहन उद्योग, लासलगावची कांदा बाजारपेठ, साखर कारखाने आणि विदर्भातील कोळसा व सिमेंट उद्योग हे मालवाहतुकीचे प्रमुख स्रोत आहेत. ७०१ किलोमीटर लांबीचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सरळ, एकसुरी मार्गावर डोळे उघडे असूनही लक्ष हरपण्याच्या अवस्थेस ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. अशा मार्गांवर ठरावीक अंतराने थांबण्याचे महत्त्व अधिक आहे.

व्यवसायातील प्रगतीचे नेहमीचे टप्पे म्हणजे लहान मालवाहू वाहन, सहा चाकी ट्रक, बहुआसी ट्रक आणि ट्रेलर किंवा टँकर. कौशल्य व जबाबदारी वाढत जाते तसा मोबदलाही वाढतो. अनुभवी चालकांस पुढील मार्ग खुले असतात.

- मालक-चालक: कर्ज घेऊन स्वतःचे वाहन घेणे. हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती व रिकाम्या परतीच्या फेऱ्या यांचा हिशेब आधी न केल्यास हा मार्ग कर्जबाजारीपणाकडे नेऊ शकतो.
- प्रशिक्षक: बारावी उत्तीर्ण असलेल्या अनुभवी चालकांस प्रशिक्षण केंद्रांत संधी मिळू शकते.
- पर्यवेक्षक: वाहनांच्या ताफ्याचे नियोजन, मार्गनिरीक्षण, गोदाम व्यवस्थापन.
- शासकीय सेवा: महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, पोलीस दल, अग्निशमन दल, महानगरपालिका, सीमा रस्ते संघटना इत्यादींत चालकांची पदे असतात. एस.टी. महामंडळाने २०२० मध्ये मालवाहतूक सेवाही सुरू केली.

परदेशातील रोजगार

आखाती देशांत भारतीय अवजड वाहनचालक मोठ्या संख्येने काम करतात. तेथे स्थानिक चाचणी देऊन अनुज्ञप्ती घ्यावी लागते. एका वर्षासाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना नोकरीसाठी पुरेसा नसतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते व ठरावीक देशांत कामासाठी जाताना तिला परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून मंजुरी घ्यावी लागते. नोकरी देणारा मध्यस्थ याच प्रणालीवर नोंदणीकृत आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी तपासता येते. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी जाणाऱ्या चालकांची फसवणूक होण्याचा संभव मोठा असतो.

स्त्रिया

मालट्रक चालनात स्त्रियांचे प्रमाण अत्यल्प आहे. मूळच्या नंदुरबारच्या व भोपाळ येथे स्थायिक झालेल्या योगिता रघुवंशी या देशातील आरंभीच्या महिला ट्रकचालकांपैकी एक म्हणून ओळखल्या जातात. कायद्याची पदवी असलेल्या रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर हा व्यवसाय स्वीकारला. पॉवर स्टिअरिंग व सुधारित गिअरमुळे शारीरिक बळाची अडचण आता उरलेली नाही. सुरक्षित विश्रांतिस्थाने व स्वच्छतागृहे यांचा अभाव हा मात्र मुख्य अडथळा कायम आहे.

आव्हाने

कुशल चालकांची टंचाई ही वाहतूक उद्योगाची नित्याची तक्रार आहे. अनेक चालक आपल्या मुलांनी हा व्यवसाय करू नये असे मानतात. घरापासून दीर्घकाळ दूर राहणे, अनिश्चित उत्पन्न, रस्त्यावरील अवमानकारक वागणूक, वाटेतील लूटमार व अपघातानंतर जमावाकडून मारहाणीची भीती ही त्याची कारणे सांगितली जातात. प्रशिक्षण केंद्रांची संख्या वाढणे हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे. प्रशिक्षित चालकास ठरलेले तास, लेखी सेवाशर्ती, विश्रांतीची जागा व निवृत्तीनंतरचा आधार मिळणे हा त्याचा दुसरा व तितकाच महत्त्वाचा भाग होय.

हेही पाहा

- मोटार वाहन अधिनियम, १९८८
- प्रादेशिक परिवहन कार्यालय
- महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
- समृद्धी महामार्ग
- जवाहरलाल नेहरू बंदर